गोठ्यातल्या जिमच्या नोंदी

27 ऑक्टोबर, सोमवार

हरभऱ्याच्या पेरणीसाठी डीएपीच्या तीन गोण्या आणल्या. दुकानातून ऑटोत टाकायला तिथला पोऱ्या होता, घरी उतरवायला मात्र मीच, आणि पहिलीच गोणी खांद्यावर घ्यायला गेलो तर कमरेत अशी चमक निघाली की गोणी तिथंच सोडली अन् ऑटोचा दांडा धरून उभा राहिलो. बाकीच्या गोण्या बुढ्यानं, म्हणजे बापानं, उतरवल्या. वय 61. बोलला काही नाही, हात झटकले आणि आत गेला, त्याचं ते न बोलणंच जास्त लागलं.

युरियाची गोणी असती तर 45 किलो, डीएपीची 50. माझं वजन 68, वय 34. दिवसभर सेंटरवर बसून सातबारे काढायचे, पीकविम्याचे फॉर्म भरायचे, मागच्या सहा वर्षांत जड म्हणून काही उचललं असेल तर ते प्रिंटर.

31 ऑक्टोबर, शुक्रवार

कंबर मोकळी झाली. डॉक्टरला दाखवलं होतं, स्नायू आखडला, चालत राहा म्हणाले. तर आज आधी आपली लायकी मोजून घेतली. दंड 6. बैठका 22, त्यानंतर मांड्या थरथरायला लागल्या. प्लँक, म्हणजे कोपरांवर अंग ताठ धरून राहणं, 35 सेकंद. शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळानं नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन परत, 3 किलोमीटर, 38 मिनिटं, तेही पुलावर बसून घेतलं ते धरून.

प्रोग्राम ठरला, नवशिक्यांचा साधा असतो तोच. हप्त्यातून तीन दिवस, सोम-बुध-शुक्र, अ आणि ब अशा दोन पाळ्या आलटून-पालटून. अ मध्ये स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर झोपून रॉड छातीवरून वर), रो (वाकून रॉड पोटाकडं ओढणं). ब मध्ये स्क्वॉट, डोक्यावर प्रेस, डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं). सगळं 5 चे 5 सेट, म्हणजे एका दमात 5 रेप (5 वेळा), असं 5 वेळा; डेडलिफ्टचा एकच. सगळे रेप पुरे झाले की पुढच्या टायमाला अडीच किलो वाढवायचे, एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा फेल झालं तर 10 टक्के खाली यायचं. सुरुवात रिकाम्या 20 किलोच्या रॉडनं.

रॉड कुठाय? जवळची जिम 18 किलोमीटर, संध्याकाळी जाऊन येऊन पेट्रोल आणि दीड घंटा, मी चार दिवसांत सोडून देईन हे मला माहीत आहे. बैलजोडी विकल्यापासून गोठ्याची एक बाजू रिकामी पडली आहे. तिथंच करायचं.

1 नोव्हेंबर, शनिवार

भंगारवाल्याकडं 28 एमएमची सळाख भेटली, कुठल्यातरी पुलाच्या कामातली उरलेली. तो म्हणे काट्यावर टाकतो, मी म्हटलं थांब, मिस्त्री लोकांचा हिशोब आहे ना, डायाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 784 भागिले 162, मीटरला 4.84 किलो. सात फूट म्हणजे 2.13 मीटर, 10.3 किलो. काट्यावर 10 किलो 300 ग्रॅम भरली. भंगारवाला माझ्याकडं पाहतच राहिला, मला उगाच इंजिनियर झाल्यासारखं वाटलं.

वेल्डरकडून दोन्हीकडं आतल्या अंगाला रिंगा मारून घेतल्या, म्हणजे वजन आत सरकणार नाही. बाहेरून मोटरच्या पाइपाचे क्लॅम्प. सगळं मिळून 11 किलो. जिमच्या रॉडच्या अर्ध्यावर थोडं, पण मला तेच बरं आहे. एक मोठी अडचण म्हणजे सळाखेच्या रेघा, हाताला अक्षरशः कापतात. मधल्या भागावर सायकलची जुनी ट्यूब चढवली, साबणाचं पाणी लावून, दीड घंटा गेला त्यात.

2 नोव्हेंबर, रविवार

सिमेंटच्या प्लेटा ओतल्या. पेंटच्या 20 लिटरच्या बकेटीचं बूड कापून साचा केला, आतून 28 सेंटीमीटर. 7 सेंटीमीटर उंच ओतलं तर साधारण 4.3 लिटर माल बसते, काँक्रीट लिटरला 2.4 किलो धरलं तर 10 किलोची प्लेट. निम्मं ओतलं तर 5 ची. मधात प्लॅस्टिक पाइपाचा तुकडा उभा केला भोकासाठी. एक सिमेंट, दोन वाळू, तीन बारीक चुरी. मायनं विचारलं काय बनवून राहिला, म्हटलं वजन. "घरात वजनं कमी हायत का?" म्हणाली आणि कांदे घेऊन गेली.

6 नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत वाळल्यासारखी दिसली म्हणून सळाखेत अडकवून उचलून पाहिलं. खाली ठेवताना एकीचे तीन तुकडे, दुसरीला आरपार चीर. दिसायला वाळली म्हणजे पिकली नाही हे घर बांधताना मीच मिस्त्रीला शिकवत होतो. सगळ्या फोडल्या. परत ओतणार, या वेळी आत कोंबड्याच्या जाळीचे गोल तुकडे टाकून, आणि वरून ओला बारदाना टाकून दहा दिवस हात लावणार नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

ओतल्या. दहाच्या चार, पाचच्या दोन. सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं हे मायनं आपणहून अंगावर घेतलं, तुळशीसोबत.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

प्लेटा पिकून राहिल्या तोवर रॅकचं, म्हणजे सळाख टेकवायच्या खांबांचं, काम. रॅक नसला तर जेवढं खांद्यावर उचलून घेता येते तेवढाच स्क्वॉट, मग काही मजा नाही. बुढ्याला विचारलं, तो म्हणे मेढी गाड. धुऱ्यावरच्या बाभळीच्या दोन बेचक्याच्या मेढी निघाल्या, दोन फूट खड्डा, दगड-चुरी ठोकून गाडल्या, बेचकं माझ्या छातीच्या उंचीवर. स्क्वॉटमध्ये अडकलो तर वजन टाकायला दोन्ही बाजूला ट्रॅक्टरचे जुने टायर. खड्डे खणताना बुढा उभा राहून त्याच्या टायमाच्या गोष्टी सांगत होता, गावात आखाडा होता, मुद्गल होतं, करेला होता (दोन्ही फिरवायची जड लाकडी वजनं), अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले एक गुरुजी पोट्ट्यांना मल्लखांब शिकवत. ते मंडळ 1914 चं, त्यांची पोरं 1936 ला बर्लिनच्या ऑलिंपिकात देशी खेळ दाखवून आली होती. म्हटलं मग आपल्या आखाड्याचं काय झालं, तर म्हणे तिथं पाण्याची टाकी झाली.

21 नोव्हेंबर, शुक्रवार. पाळी अ

पहिला दिवस. दहाची एक प्लेट 9 किलो 800, बाकीच्या 10 ला धरून. पाच-पाचच्या दोन टाकून 21 किलो. स्क्वॉट 21, 5 चे 5. जमिनीवर झोपून प्रेस 21, कारण बेंच नाही आणि तूर्त करायचा विचारही नाही. रो 21.

खरं सांगायचं तर हलकं वाटलं, लाज वाटावी इतकं. दोन पोट्टे गोठ्याच्या भिंतीवरून पाहून राहिले होते, "भाऊ, एवढंच?" एवढंच. लिहिलं तेवढंच करायचं.

23 नोव्हेंबर, रविवार

हलकं होतं ना? आज कापूस वेचायला वावरात गेलो, वाकलो की मांड्या बोंबलते. काल कमी होतं, आज जास्त, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त दुखते म्हणे. संडासात बसताना नळाला धरून बसलो. वेचणीच्या बाया हसून राहिल्या, एक मावशी म्हणे, "वावरात काम कर, ताकद आपोआप येते, पैसे देऊन दुखणं कायले आणलं?"

यावर दिवसभर विचार केला, वेचताना दुसरं कामही नसते डोक्याला. मावशी स्वतः दिवसाला 50-60 किलो कापूस वेचते, तिच्यासमोर मी काय बोलणार. पण वावरातलं काम माणूस पाहून वजन देत नाही. गोणी पहिल्या दिवशीही 50 ची आणि दहा वर्षांनीही 50 चीच, उचलली तर उचलली नाहीतर कंबर गेली. 21, मग 23, मग 25 अशी गोणी कोणी बनवत नाही. मावशी 12 वर्षांची असल्यापासून वेचून राहिली, तिची 21 ची गोणी तेव्हाच होऊन गेली. माझी आता चालू आहे.

28 नोव्हेंबर, शुक्रवार. पाळी ब

स्क्वॉट 27. प्रेस 17. डेडलिफ्ट 35.

अडीचच्या जागी दोन-दोन किलो वाढवतो, डेडलिफ्टला दुप्पट, कारण छोट्या प्लेटा नाहीत आणि एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. दोन्ही टोकांना एक-एक लिटरची बाटली सुतळीनं बांधली की 2 किलो. फुकट आणि अचूक. फक्त लटकते.

डेडलिफ्टमध्ये सोमवारपासून पाठ गोल होत होती, फोन मडक्याला टेकवून व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं. मला वाटलं माझीच पाठ वाकडी. मग टेप लावला. जिमच्या मोठ्या प्लेटा 45 सेंटीमीटर व्यासाच्या असतात, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीसवर राहते. माझ्या प्लेटा 28 च्या, रॉड 14 वर. साडेआठ सेंटीमीटर जास्त खाली वाकून राहिलो मी! दोन्ही प्लेटांखाली एक-एक वीट आडवी टाकली, काम झालं. पाठ सरळ आली, रॉड नडगीला घासत वर आला, आणि पहिल्यांदा वाटलं की जोर पायातून लागला. बुढा दारात होता. म्हणे, "गोणी बी अशीच उचलतेत. तू त्या दिवशी ऑटोतून पाय न हालवता नुसता वाकून ओढून राहिला होता." मग त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं हे विचारलं नाही.

3 डिसेंबर, बुधवार. पाळी ब

स्क्वॉट 31, प्रेस 19, डेडलिफ्ट 39. सगळं पुरं.

खाण्याचं. किलोला 1.6 ग्रॅम प्रोटीन धरलं तर मला रोजचं 109 ग्रॅम पाहिजे. मोजलं तर मी 50 च्या आसपास होतो, पोळी, भाजी, पातळ वरण, चहा चार वेळा. आता चार अंडी म्हणजे 24, सोयाबीनच्या वड्या 50 ग्रॅम कोरड्या म्हणजे 26, वरण घट्ट, शेंगदाणे मूठभर, संध्याकाळी दूध. शंभराच्या जवळ जाते.

यातली गंमत अशी की आमचा अख्खा तालुका सोयाबीन पिकवते. हमीभाव यंदा, 2025-26 ला, 5328 रुपये क्विंटल, बाजारात त्याच्याही खाली विकून मोकळे झालो, आणि त्याच सोयाबीनचं तेल काढून उरलेल्या पिठाच्या वड्या पाकिटात भरून आल्या की आपण किराण्यातून परत आणतो. मायला म्हटलं दोन पायल्या घरी ठेवायला पाहिजे होत्या. तिनं ठेवल्याच होत्या. भाजून गव्हात दळून आणलं, नऊ किलोला एक किलो. पोळी थोडी कडक होते, चालते.

10 डिसेंबर, बुधवार

स्क्वॉट 37. जमिनीवरचा प्रेस 29. रो 29. बाकी काही नाही. थंडी. सळाख पहाटे बर्फ.

15 डिसेंबर, सोमवार

गव्हाला युरिया द्यायचा होता, चार गोण्या. 45 किलोची एक. शुक्रवारी डेडलिफ्ट 47 झाली होती, तर मी बिनधास्त. पण गोणी म्हणजे सळाख नव्हे भाऊ, पकडायला काही नाही, ढेपाळते, एकीकडून उचलली की दुसरीकडून पोट सोडते. मांडीपर्यंत आली लगेच, खांद्यावर मात्र दुसऱ्या झटक्यात. चारही नेल्या. कंबर ठीक. बुढा वावरात होता, त्यानं पाहिलं नाही.

आणखी दहाच्या दोन प्लेटा ओतून ठेवल्या, महिन्याभरात लागतील.

19 डिसेंबर, शुक्रवार. पाळी अ

स्क्वॉट 45: 5, 5, 4, 3 आणि पाचव्या सेटला तिसऱ्या रेपमध्ये खालीच बसलो. मागं सोडून दिलं, टायरवर पडलं, एका प्लेटचा टवका उडाला, माणूस साबूत.

कारण शोधायला लांब जायची गरज नाही. या हप्त्यात वावरातली लाइन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची आहे, दोन रात्री गव्हाच्या ओलिताला गेलो, पहाटे चारला झोपलो. कागदावरचा प्रोग्राम दिवसाच्या लाइनवाल्या लोकांसाठी बनवला आहे. आता असं ठरवलं, रात्रीच्या लाइनच्या हप्त्यात वजन वाढवायचं नाही, फक्त आहे ते करायचं. फेल मोजायचं नाही.

22 डिसेंबर, सोमवार

दोन रात्री झोपलो. तेच 45, 5 चे 5, आरामात. प्रेस 27.

26 डिसेंबर, शुक्रवार. पाळी ब

पोट्टे आले. पहाटे रुळाच्या बाजूच्या रस्त्यानं पळणारे, पोलीस भरतीवाले, तिघं, आणि त्यातल्या एकाची मोठी बहीण. त्यांचं गणित पक्कं आहे, 50 मार्क, त्यातले 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. पोरींना 1600 च्या जागी 800. पळतात झकास, 1600 चे पूर्ण मार्क 5 मिनिट 10 सेकंदात आहेत आणि एक जण त्याच्या जवळ आहे. पण गोळा 7 किलो 260 चा, तो यांच्या हातून बटाट्यासारखा पडते. म्हणून आले.

पोट्ट्यांनी पहिल्याच दिवशी 50 लावून प्रेस करायचा प्रयत्न केला, एकाच्या डोक्याला सळाख लागता लागता राहिली, त्याला मी चांगलं झापलं. बहीण बाजूला उभी होती, तिनं नुसती सळाख घेतली, 11 किलो, 5 चे 5 केले, आणि घरून आणलेल्या वहीत लिहिलं. चारात कोण टिकेल हे मला आजच सांगता येते.

माझा प्रेस 29: 5, 4, 4, 3, 3.

31 डिसेंबर, बुधवार

प्रेस 29: 5, 5, 4, 4, 3. बाकी जग पार्टीला.

स्क्वॉट 53, डेडलिफ्ट 63, ती गाडी चालूच आहे. प्रेसच रुतला.

5 जानेवारी, सोमवार

प्रेस 29: 5, 5, 4, 4, 4. तीन वेळा फेल. नियमानं 10 टक्के खाली, म्हणजे 26.

पण नुसतं खाली येऊन उपयोग नाही, कारण मूळ दुखणं दुसरं आहे. एक म्हणजे खांदा मांडीएवढा नाही, त्याला दर वेळी 2 किलो जास्त होते. 53 वर 2 म्हणजे काहीच नाही, 27 वर 2 म्हणजे लय. दुसरं म्हणजे त्या बाटल्या. डोक्यावर वजन गेलं की बाटल्या झोके घेतात, एक पुढं गेली की दुसरी मागं, अर्धा जोर सळाख स्थिर ठेवण्यात जाते. आज एकीचं झाकण ढिलं होतं, चौथ्या रेपला थंडगार पाणी मानेवरून आत. पोट्टे लोळले हसून.

अर्ध्या-अर्ध्या किलोचं, न लटकणारं काहीतरी पाहिजे.

8 जानेवारी, गुरुवार

काकाच्या किराण्यात तेल आणायला गेलो. दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि फळीच्या खाली, फाटक्या बारदान्यावर, जुन्या तराजूची लोखंडी वजनं. षटकोनी, शिक्का मारलेली. दोन किलोची चार, एकची दोन, अर्ध्याची दोन. मी तेल विसरलो.

काकाला सांगितलं. काका म्हणे ने, पण भोक पाडशील तर तंगडं तोडीन, सरकारी शिक्क्याची वजनं हायत. भोक पाडायची गरजच नाही. काकूनं जुन्या जीन्सच्या पायाच्या पिशव्या शिवून दिल्या, वजन पिशवीत, पिशवी प्लेटला चिकटवून सळाखेला सुतळीनं करकचून. हलत नाही.

9 जानेवारी, शुक्रवार. पाळी ब

प्रेस 26. पाच-पाचच्या प्लेटा, दोन-दोन किलो, अर्धा-अर्धा किलो. 5 चे 5. सळाख सरळ वर गेली आणि सरळ खाली आली, इतकं शांत की मला चुकल्यासारखं वाटलं.

स्क्वॉट 61, डेडलिफ्ट 71.

14 जानेवारी, बुधवार

संक्रांत. प्रेस 27, पुरं. मायनं तिळगूळ गोठ्यात आणून दिला, मेढींना हळद-कुंकू लावून गेली. ढोरं नाहीत तर मेढी सही.

19 जानेवारी, सोमवार

स्क्वॉट 69. काल काकाच्या काट्यावर मी 70 किलो भरलो, म्हणजे खांद्यावर जवळजवळ दुसरा मीच. खाली गेलो, क्षणभर वाटलं आता टायर, पण आलो वर. पाचवा सेट लय रडला. दोन सेटच्या मधात आता तीन मिनिटांच्या जागी पाच मिनिटं बसतो, काही घाई नाही. प्रेस 28.

पोट्ट्यांपैकी एकच येते आता. बहीण रोजची. प्रेस 18 वर आहे, 4 किलोचा गोळा मागच्या पंधरवड्यापेक्षा दोन हात पुढं पडते म्हणते. तिनं मला विचारलं, एक किलोच्या जागी अर्धा किलो वाढवू का, तर म्हटलं दोन्ही बाजूला पाव-पाव किलो लागेल, काकाला विचारावं लागेल.

23 जानेवारी, शुक्रवार. पाळी ब

प्रेस 29: 5, 5, 5, 5, 5.

रुळानं पुलापर्यंत जाऊन-येऊन 29 मिनिटं, न बसता. दंड 19. प्लँक कंटाळा येतो म्हणून मोजला नाही.

28 जानेवारी, बुधवार. पाळी ब

स्क्वॉट 77 झाला. प्रेस 30 लावून पहिला सेट झाला, पाच, आणि दुसऱ्याला हात लावतो तर काका गोठ्याच्या दारात. लाइन गेली, काट्याची बॅटरी चार्ज नव्हती, दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी, साखर मोजायची आहे. "माही वजनं दे." पिशव्या सोडायला सुतळीच्या गाठी सुटेनात, शेवटी विळ्यानं कापल्या. काका वजनं धोतराच्या ओच्यात घेऊन गेला.

साडेसातला लाइन आली, भरतीवाली पोरगी जाऊन वजनं घेऊन आली, सोबत पाव किलोची दोन जास्तीची, तिनं स्वतःसाठी मागून आणलेली. तोवर अंग गार पडलं होतं, मग परत रिकाम्या सळाखेपासून सुरू. 30 किलो: 5, 5, 5, 5, 4.

सोमवारी परत 30.